बोर्ड वाचणाऱ्या पट्टणशेट्टी मॅडम

कोल्हापुरातल्या एखाद्या चौकात वाढदिवसाचा बोर्ड लागला आणि पट्टणशेट्टी मॅडमनी तो वाचला नाही, असं सहसा घडत नाही. वाचला म्हणजे येता-जाता नजर टाकली असं नव्हे. गाडी बाजूला घ्यायला लावायची, खाली उतरायचं, चष्मा पदराला पुसायचा आणि वरच्या 'ढाण्या वाघा'पासून खालच्या कोपऱ्यातल्या शेवटच्या शुभेच्छुकापर्यंत सगळी नावं ओठ हलवत वाचायची. बोर्डावर साठ चेहरे असतील तर साठही चेहऱ्यांकडं नीट बघायचं. मग मागं वळून "चला देसाई" म्हणायचं. तो देसाई मी. गाडी माझी असते आणि मागून हॉर्न मारणाऱ्यांच्या शिव्याही मलाच पडतात.

एक जून हा तर त्यांचा सणच. आमच्या जिल्ह्यातल्या जुन्या पिढीत पोराची जन्मतारीख घरात कुणाला धड ठाऊक नसायची. शाळेत नाव घालताना गुरुजी सरसकट एक जून टाकून मोकळे व्हायचे. त्यामुळं पन्नाशी-साठीच्या पुढचे निम्मे सरपंच, चेअरमन आणि आधारस्तंभ एकाच दिवशी जन्मलेले आहेत. त्या दिवशी शहरात बोर्डांची एवढी गर्दी होते की मागची दुकानं दिसत नाहीत. मॅडम त्या दिवशी सकाळी लवकर तयार होऊन दारात उभ्या असतात. इरकल साडी, कपाळावर विभूतीची बारीक रेघ आणि पायात पळायचे पांढरे बूट. "देसाई, टाकी फुल्ल हाय न्हवं?" एवढंच विचारतात आणि मागं बसतात.

नव्या माणसाला वाटतं, बाई राजकारणात असणार. बाई डॉक्टर आहेत, पण पेशंटचं तोंड कधी न बघणाऱ्या डॉक्टर. राजारामपुरीतल्या आमच्या लॅबमध्ये त्या पॅथॉलॉजिस्ट आहेत. ऑपरेशनमध्ये काढलेल्या गाठीचा तुकडा औषधाच्या पाण्यात बुडवून, डबीत घालून आमच्याकडं येतो. त्याचे कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप करायचे, काचेवर चढवायचे, रंगवायचे आणि मायक्रोस्कोपखाली बघून हे काय प्रकरण आहे ते सांगायचं, असं त्यांचं काम. मी त्यांचे रिपोर्ट टाइप करतो आणि उरलेल्या वेळात त्यांचा सारथी असतो.

पूर्वी त्या स्वतः स्कूटर चालवायच्या. पण एकदा संध्याकाळी दूध कट्ट्यावर, जिथं गवळी म्हशी आणून गिऱ्हाइकासमोर धार काढून देतात, तिथं त्यांनी स्कूटर सरळ एका म्हशीवर नेली. म्हशीला काही झालं नाही. मॅडमचं मनगट मोडलं. गवळ्यानं विचारलं, बाई, एवढी म्हस दिसली न्हाई व्हय? "दिसली की," मॅडम म्हणाल्या, "पण लहान दिसली." दिवसभर चारशे पटीनं मोठं बघायची सवय असलेल्या डोळ्यांना म्हैस किरकोळ वाटणारच. तेव्हापासून गाडी माझ्याकडं आली.

डबीतून येणाऱ्या तुकड्याला सगळं जग सॅम्पल म्हणतं. मॅडम पावणं म्हणतात. सकाळी आल्या आल्या पहिला प्रश्न, "आज कोण कोण पावणं आल्यात?" डबीत औषधाचं पाणी कमी दिसलं तर आमचा तंत्रज्ञ प्रकाश याच्यावर उखडतात. पावण्याला पाणी द्यायची रीत तुझ्या घरात हाय का न्हाई, असं त्याला विचारतात. प्रकाश चंदगडचा, मुलखाचा गरीब स्वभावाचा. तो बिचारा मान खाली घालून डबी काठोकाठ भरतो.

आता त्यांच्या चहाबद्दल सांगायचं तर आधी थोडं प्रथिनांबद्दल सांगावं लागेल. हल्ली नुसतं 'कॅन्सर आहे' एवढं सांगून भागत नाही. तो कुठल्या स्वभावाचा आहे हेही सांगावं लागतं, आणि हा स्वभाव पेशींतल्या प्रथिनांवरून कळतो. एक प्रथिन असं असतं की पेशी एकाची दोन व्हायच्या घाईत असली की ते तिथं हजर असतं. त्याला बरोबर शोधणारं औषध काचेवर टाकलं की तेवढ्याच पेशी तपकिरी होतात, बाकीच्या निळ्या राहतात. तपकिरी जितक्या जास्त, तितका आजार घाईत आणि माणसाची पुढची वाट तितकी अवघड. दुसरं एक प्रथिन आहे, त्याला तपकिरी रंगाच्या गडदपणावरून वन प्लस, टू प्लस, थ्री प्लस असे गुण देतात. टू प्लस म्हणजे न धड इकडं न धड तिकडं, पुन्हा तपासा.

मॅडमनी ही मोजपट्टी चहाला लावली. पाणचट चहा आला की म्हणणार, "वन प्लस हाय, परत न्या." जास्त उकळलेला आला की थ्री प्लस. नक्की कळेना झालं की कप उजेडात धरणार आणि टू प्लस सांगून पुन्हा तपासणीला पाठवणार, म्हणजे प्रकाशला एक घोट प्यायला लावणार. कोपऱ्यावरच्या टपरीवाल्यालाही ही भाषा आली आहे. त्याच्याकडचे मजूर, रिक्षावाले आता बिनदिक्कत "दोन थ्री प्लस, एक कटिंग" अशी ऑर्डर देतात. त्यातल्या कुणालाही हे गुण मुळात कशाचे आहेत ते माहीत नाही, आणि माहीत नाही तेच बरं.

पेशी मोजायच्या मात्र त्या कानडीत. मॅडमचं घर गडहिंग्लजचं, भुसार मालाच्या व्यापाऱ्याचं. दुकानात मराठी आणि घरात कानडी. आकडे त्या आईकडून शिकल्या, त्यामुळं मायक्रोस्कोपला डोळा लावला की "ओंदु, एरडु, मूरु" सुरू होतं. त्या वेळी हाक मारायची नाही, फोन द्यायचा नाही, खोकायचंसुद्धा नाही. मोजून झालं की आकडा मराठीत सांगतात आणि मी तो टाइप करतो. आकडा वाईट असला की एखादा सर्जन फोन करून म्हणतो, मॅडम, जरा बघा ना पुन्हा, लहान पोरं आहेत हो पेशंटची. मॅडम ऐकून घेतात. आणि मग नेहमीचं वाक्य, "मी न्हाई, स्लाइड बोलतीया."

आम्हाला वाटायचं, बाई दगड आहे. मग एकदा बोर्ड वाचून गाडीवर बसता बसता त्यांनीच सांगितलं. "देसाई, आमचं तिकीट इंटरव्हलपर्यंतचं असतंय. हा माणूस पुढं असा जाईल, असं आम्ही लिवतो आणि बाहेर पडतो. पिक्चर पुढं कसा झाला ते कोण सांगतंय आम्हाला?" पेशंट सर्जनचा, दुःख घरच्यांचं, आणि बरा झाला तर श्रेय देवाचं. पॅथॉलॉजिस्टकडं पेढे घेऊन कोण येतो? म्हणून बोर्ड. ज्याचा वाढदिवस साजरा होतो तो जिवंत असतो, हे मॅडमचं साधं गणित. रिपोर्टवरची नावं, गावं, वयं त्यांच्या डोक्यात पक्की बसलेली असतात. ज्यांच्याबद्दल फार वाईट लिहावं लागलं, ती तर जास्तच. त्यांतलं एखादं नाव बोर्डावर सापडलं की त्यांचा चेहरा असा फुलतो की बघणाऱ्याला वाटावं, ह्यांचाच भाऊ निवडून आला. "हे बी चुकलं माझं," असं म्हणतात आणि त्या दिवशी कसलाही चहा पितात.

कोडोलीत तर कहर झाला. गावात शिरतानाच भला मोठा बोर्ड होता आणि त्यावर एका तात्यांचा हार घातलेला हसरा फोटो. नाव, गाव, वय सगळं जुळलं. मॅडमना राहवेना. नुसतं लांबून बघून येऊ, असं म्हणत त्यांनी वाटेत नारळ आणि शाल घ्यायला लावली. एकदा हातात शाल दिसल्यावर तात्यांचे कार्यकर्ते कशाला सोडतात? त्यांनी आम्हाला सरळ स्टेजवर नेऊन बसवलं आणि पाहुण्यांनी दोन शब्द बोलावेत, असं माइकवरून जाहीर केलं. मॅडमनी एका शब्दानं जरी आजाराचा विषय काढला असता तर तात्यांच्या घरात काय झालं असतं, देव जाणे. कारण आजाराची गोष्ट गावात कुणाला माहीत नसावी, हे दिसतच होतं.

मॅडम माइकसमोर उभ्या राहिल्या. तात्यांकडं त्यांनी इतका वेळ बघितलं की तात्यांनीच टोपी सारखी केली. मग म्हणाल्या, "माझं काय काम न्हाई. तुमी असंच केक कापत ऱ्हावा. मी निस्तं बघाय आले." आणि खाली बसल्या. त्या दिवशीचं सगळ्यात छोटं भाषण ते, आणि टाळ्या सगळ्यात जास्त. जेवताना तात्यांनी मला बाजूला घेऊन बाई कुठल्या पक्षाच्या म्हणून विचारलं. मी म्हटलं, पावण्या आहेत. पुढं पंधरा दिवस कोडोलीच्या बाजूला चर्चा होती की जिल्हा परिषदेला कुणी शिकलेली बाई उभी राहणार आहे.

पण बोर्डाचा एक मोठा दोष आहे. बोर्डावर बाया नसतात. वाघ असतात, सिंह असतात, एकदा तर आम्ही शर्यतीच्या बैलाच्या वाढदिवसाचा बोर्ड शेवटच्या शुभेच्छुकापर्यंत वाचला आहे. बाई मात्र असलीच तर कुणाच्या तरी शेजारी 'सौ.' होऊन. आणि आमच्याकडं येणाऱ्या पावण्यांत बायकाच जास्त. त्यासाठी मॅडमनी संक्रांत निवडली. वॉर्डावॉर्डांत सार्वजनिक हळदी-कुंकू होतं, तिथं त्या मागच्या खुर्चीवर जाऊन बसतात. त्यांचं स्वतःचं लग्न झालेलं नाही, त्यामुळं कुंकवाचं ताट त्यांच्यापर्यंत येता येता अडखळतं, पण त्यांना कुंकवाशी कर्तव्य नसतं. त्या उखाणे ऐकायला येतात. उखाण्यात बाई नवऱ्याचं नाव घेते, आणि रिपोर्टवर बाईच्या नावापुढं तेच नाव असतं. चांदीच्या ताटात पेढ्यांचे पुडे असं काही सुरू झालं की मॅडम पुढं झुकून कान देतात. असंच एकदा लकी ड्रॉमध्ये त्यांना कुकर लागला. तो लॅबच्या कपाटावर अजून खोक्यातच आहे.

हे सगळं खूळ त्यांना आधीपासून थोडंफार होतंच. ते हाताबाहेर गेलं ते सुमीपासून.

सहा-सात वर्षं झाली असतील. एका सर्जनचा फोन आला. चंदगडकडच्या एका बाईच्या छातीतल्या गाठीचा तुकडा पाठवतोय, आणि पेशंटचा हट्ट आहे की तो पट्टणशेट्टी मॅडमनीच बघावा. असा हट्ट कुणी करत नाही, कारण लॅबमधल्या डॉक्टरचं नाव मुळात कुणाला ठाऊकच नसतं. मॅडमनी पेशंटचं नाव विचारलं. सुमित्रा. माहेर विचारलं. गडहिंग्लज. मॅडमनी फोन ठेवला आणि मला म्हणाल्या, "सुमी हाय."

सुमी त्यांची शाळेतली मैत्रीण. दहावीपर्यंत दोघी पहिल्या बाकावर शेजारी शेजारी. मॅडम म्हणजे तेव्हाची गिरी. सुमी हुशार आणि भांडखोर. विज्ञानाच्या वहीत अमिबा काढायचा तर स्वतःचा काढून झाल्यावर गिरीचाही तीच काढून द्यायची, कारण गिरीचा अमिबा भाकरीसारखा यायचा. दहावी झाली आणि वडिलांनी सुमीचं लग्न चंदगडच्या अलीकडं, फाट्याजवळच्या एका वाडीत करून टाकलं. जाताना ती म्हणाली होती, तू डॉक्टर हो, मी तुझ्याकडंच तपासाय येते. मग काही दिवस पत्रं, मग पत्रं नाहीत. भांडण वगैरे काही झालं नव्हतं. भांडण झालं असतं तर मिटवता तरी आलं असतं, असं मॅडम म्हणतात.

दुसऱ्या दिवशी डबी आली. मॅडमनी ती दोन्ही हातांत घेतली आणि बराच वेळ तशाच उभ्या राहिल्या. "आली की पावणी," त्या म्हणाल्या. "सांगितल्यापरमाणं आली."

काच तयार झाली तेव्हा त्या मोजायला बसल्या आणि मोजताना चुकल्या. पुन्हा ओंदुपासून सुरुवात केली, पुन्हा चुकल्या. दुसऱ्या कुणासाठी कधी न केलेली गोष्ट त्यांनी केली, प्रकाशला नवा काप काढून पुन्हा रंगवायला सांगितला. नव्या काचेवर तपकिरी तेवढंच होतं. संध्याकाळी त्यांनी आकडा सांगितला तेव्हा माझी बोटं कीबोर्डावर थांबली. मी वर बघितलं. त्या खिडकीबाहेर बघत होत्या. "लिवा देसाई," त्या म्हणाल्या, "मी न्हाई, स्लाइड बोलतीया." त्या दिवशी ते वाक्य त्यांना स्वतःलाच पटवून सांगावं लागत होतं.

पुढं काय झालं ते कळलंच नाही. सुमीचा भाऊ येऊन रिपोर्ट घेऊन गेला. सर्जनकडं ती परत फिरकली नाही, आणि त्याच्याकडं असलेला फोन नंबर लागेना. मी म्हटलं, मॅडम, गाव माहीत आहे, गाडी आहे, उद्या जाऊन येऊ. त्यांनी मान हलवली.

"असला रिपोर्ट देऊन कुठल्या तोंडानं जाऊ?" त्या म्हणाल्या. आणि थोड्या वेळानं हळूच, "न्हाई गेलं तर ती हाय, देसाई. जाऊन बघितलं आणि नसली म्हंजे?"

तेव्हापासून सगळं शहर पालथं घालणं सुरू झालं. एखादा चुकलेला अंदाज सापडला की त्या म्हणायच्या, बघा, हे चुकलं, म्हंजे आणखी कोण तरी चुकलेलं असंल. तात्या सापडले म्हणून सुमी असेल, अशी ती आशा. शास्त्रात हे बसत नाही. मॅडमना ते माझ्यापेक्षा चांगलं कळतं, तरी त्या दर वर्षी संक्रांतीला मागच्या खुर्चीवर जाऊन बसायच्या. आणि एक गोष्ट माझ्या फार उशिरा लक्षात आली. गगनबावड्याच्या वाटेला, कागलला, पन्हाळ्याला, सगळीकडं गाडी थांबवायला लावणाऱ्या मॅडम गडहिंग्लजच्या पुढं, चंदगडच्या रस्त्याला लागलं की डोळे मिटून घेतात. विचारलं तर म्हणतात, डोळं दुखाय लागलं. त्या रस्त्यावरचा एकही बोर्ड त्यांनी कधी वाचला नव्हता.

गेल्या वर्षी मे महिन्यात आमच्या प्रकाशचं लग्न निघालं, चंदगडला. मॅडम नाही म्हणतील असं मला वाटलं होतं. पण ज्याला इतकी वर्षं चहा तपासायला लावला त्याच्या लग्नाला न जाणं बरं दिसत नाही, असं त्यांनीच ठरवलं. कपाटावरचा कुकर आहेर म्हणून काढला. मी मेहुण्याची मोटार मागून आणली. गडहिंग्लजपर्यंत आम्ही बोर्ड वाचत वाचत गेलो, त्यामुळं उशीर झाला. गाव मागं पडलं आणि मॅडमनी डोळे मिटले. कुकर मांडीवर घेऊन त्या झोपल्यासारख्या बसल्या होत्या. झोपलेल्या नव्हत्या, कारण कुकरावरची बोटं हलत होती.

चंदगड अजून थोडं पुढं असेल. एका फाट्यावर, काजूच्या झाडांना लागून बांधलेला एक बोर्ड मला दिसला. वाढदिवसाचा नव्हता. पांढऱ्या कापडावर एका बाईचा फोटो, कपाळावर मोठं कुंकू, ओठ घट्ट मिटलेले, फोटो काढणाऱ्यावर रागावल्यासारखे. वर 'प्रथम पुण्यस्मरण'. खाली नाव. मी ते नाव टाइप केलेलं होतं.

गाडी पुढं न्यावी असं माझ्या मनात आलं. दोन क्षण पाय ब्रेकवर गेलाच नाही. मग मला वाटलं, ज्या बाईनं कुणासाठी आकडा बदलला नाही, तिच्यासाठी मी रस्ता बदलणारा कोण? मी गाडी बाजूला घेतली आणि म्हटलं, "मॅडम, बोर्ड आहे."

त्यांनी डोळे उघडले. उतरल्या, चष्मा पदराला पुसला आणि वाचायला लागल्या. नाव, गाव, तारीख, मग शोकाकुल म्हणून पती, मुलगा, सून, मुलगी, जावई, नातवंडं, समस्त ग्रामस्थ. शेवटपर्यंत. मी शेजारी जाऊन उभा राहिलो. मला रडणं अपेक्षित होतं. पण त्यांचा चेहरा तात्यांचा बोर्ड वाचताना झाला होता तसा झाला.

"पहिलं वरीस," त्या म्हणाल्या. "म्हंजे गेल्या साली गेली. देसाई, पाच वर्सं काढली की सुमीनं. सून बघितली, जावई बघितला. मी तर वर्साचीबी आशा धरली न्हवती." आणि त्या हसल्या, अगदी शाळकरी पोरीसारख्या. "चुकलं की माझं."

आता त्यांना त्या पाच वर्षांचं सगळं ऐकायचं होतं. प्रकाशचा मुहूर्त टळला तरी चालेल म्हणाल्या. फाट्यावर विचारत आम्ही वाडीत गेलो. सुमीची लेक माहेरी आलेली होती, तिनं ओसरीवर पोतं अंथरलं. मॅडमनी आपलं नाव सांगितलं. लेकीच्या हातातला तांब्या तसाच राहिला. मग ती बोलायला लागली. आई उपचारांना गोव्याला मामाकडं गेली, म्हणून कोल्हापूरला परत आली नाही. केस गेले तेव्हा डोक्याला टॉवेल बांधून काजू वेचायची. बरी झाल्यावर ग्रामपंचायतीला उभी राहिली आणि पडली, आणि ज्यांनी मतं दिली नाहीत त्यांच्याशी शेवटपर्यंत बोलली नाही. मॅडम प्रत्येक गोष्टीला मान हलवत होत्या, हसत होत्या, सुमी अशीच हुती, म्हणत होत्या.

मग लेक म्हणाली, "तुमची लई वाट बघायची आई. म्हणायची, रिपोर्टवर गिरीची सही हाय. म्हंजे तिला ठाव हाय मी कुठं ऱ्हाते ते. ईल एक दिवस. फाट्यावर मोटार थांबली की बाहेर येऊन बघायची."

मॅडमची मान हलायची थांबली. आतून सून चहा घेऊन आली. काळाकुट्ट, उकळून उकळून आटलेला, आमच्या लॅबमध्ये दारातूनच परत गेला असता असा. मॅडमनी कप उजेडात धरला नाही, त्यात बघितलंसुद्धा नाही. दोन्ही हातांत कप धरून त्या तो शेवटच्या घोटापर्यंत प्याल्या. उठताना लेकीच्या चेहऱ्यावरून हात फिरवला आणि विचारलं, शाळेतला एखादा फोटो ठेवलाता का तिनं. होता. लेकीनं मोबाइलवर त्याचा फोटो काढून मला पाठवला.

चंदगडला आम्ही अक्षता पडून गेल्यावर पोहोचलो आणि प्रकाशला कुकर दिला. परतीच्या वाटेवर त्यांनी डोळे उघडे ठेवले. एकदाच बोलल्या. "पाच वर्सं ह्या रस्त्यानं डोळं झाकून गेलो आपण, देसाई. ती बाहेर येऊन बघत हुती."

या वर्षी मेच्या शेवटी त्या मला बोर्ड छापणाऱ्याच्या दुकानात घेऊन गेल्या. एक जूनसाठी बोर्ड हवा म्हणाल्या. मी दचकलो, कारण सुमीची जन्मतारीख एक जून आहे, हे मला रिपोर्टामुळं नव्हे, गुरुजींमुळं ठाऊक होतं. पहिल्या बाकावरच्या दोघींनाही त्यांनी तीच दिलेली होती, हे मॅडमनीच कधीतरी सांगितलं होतं. मी हळूच म्हटलं, मॅडम, आता वाढदिवसाचा कसा लावायचा?

"पुण्यस्मरणाचा लेकरांनी लावलाय की," त्या म्हणाल्या. "वाढदिवसाचा तिला जन्मात कुणी लावला हुता?"

दुकानदारानं फोटो बघितला. दोन वेण्या, रिबिनी, ओठ घट्ट मिटलेले. त्याला वाटलं, पोरीला स्कॉलरशिप मिळाली असणार. नावाखाली पद काय टाकू म्हणून विचारलं. मॅडम म्हणाल्या, "दहावी अ, पहिला बाक." मागं वाघ टाकू का, असं त्यानं सवयीनं विचारलं, आणि मॅडमनी विचार करून हो म्हटलं. मग तो शुभेच्छुकांवर आला. किती फोटो, किती नावं? एकच नाव म्हटल्यावर तो कसनुसा झाला. सगळी जागा मोकळी ऱ्हातीया मॅडम, चांगलं दिसायचं न्हाई, असं दोनदा म्हणाला. मॅडम म्हणाल्या, ऱ्हाऊ दे.

एक जूनला सकाळी लवकर त्या दारात उभ्या होत्या, पांढरे बूट घालून. सगळं शहर चेअरमन आणि आधारस्तंभांनी भरून गेलं होतं. मी नेहमीच्या चौकाकडं गाडी वळवणार, तेवढ्यात त्यांनी आधी लॅबच्या बोळात घ्यायला सांगितली. बोर्ड टपरीच्या वर बांधला होता. खाली दोन रिक्षावाले कप हातात धरून, मान वर करून, ही कुठल्या वॉर्डातली म्हणून एकमेकांना विचारत होते.

मॅडम उतरल्या. चष्मा पदराला पुसला. वरच्या वाघापासून सुरुवात केली आणि ओठ हलवत, काही न गाळता, खालच्या कोपऱ्यापर्यंत आल्या. तिथं 'शुभेच्छुक' असं लिहिलं होतं, आणि त्यापुढं एकच नाव होतं, गिरी. ते त्यांनी वाचलं आणि तिथंच उभ्या राहिल्या. मागून कुणीतरी हॉर्न मारायला लागलं. मी गाडी बंद केली.